सहीवाला चमचा

चांदीला अंडं चालत नाही. अंड्यातला गंधक लागला की चमचा आधी पिवळट होतो, मग तपकिरी, मग सरळ काळा. कांद्यात गंधक, लसणात गंधक, मोहरीत गंधक. मीठ फार वेळ अंगावर राहिलं तर चांदीला बारीक खड्डे पडतात. म्हणजे अंडाकरी बाद, सावजी रस्सा बाद, पातोडीचा रस्सा बाद, ठेच्याचं तर नावच काढू नका. उरलं काय? दहीभात, तोही आळणी आणि बिनफोडणीचा. असं पथ्य डॉक्टरनं सांगितलं तर आपण डॉक्टर बदलतो. चमच्यानं सांगितलं की मात्र मान डोलावतो आणि त्याला 'अभिजात' म्हणतो.

त्यात गाव चंद्रपूर. उशाशी 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या उघड्या खाणी. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होऊन घरात येतो. कोळशात गंधक असतोच, आणि गंधकी हवेत चांदी लवकर काळवंडते हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. गोल बाजारातला कुठलाही सराफ सांगेल. अशा गावात चांदीची इटालियन कटलरी (टिकल्या-बांगड्यांच्या दुकानातली नव्हे, जेवणाच्या टेबलावरची) हौसेनं जमवायची, याला छाती लागते. किंवा घरी घासायला बाई लागते. बहुधा बाईच.

असे एक सद्गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. नाव सांगत नाही, धंदाही सांगत नाही. चंद्रपुरात बंगला कशातून उभा राहतो हे तुम्हाला मी काय सांगू! त्यांनी मला भर मे महिन्यात, पारा 46 वर टेकलेला असताना, दुपारी जेवायला बोलावलं आणि पाय धुवायला पाणी देण्याआधी एका कपाटापुढं नेऊन उभं केलं. कपाट आलापल्लीच्या सागवानाचं. आत निळी मखमल. मखमलीवर काटे, चमचे, सुऱ्या.

"हे पॉन्ती," ते हळूच म्हणाले.

मी हात जोडून मागं वळलो. कुणी पाहुणे आले असतील असं वाटलं.

"अहो, तिकडं कुठं? हे इथं! जिओ पॉन्ती. इटलीचे. 1958 चं डिझाइन. स्टर्लिंग. भाच्यानं अमेरिकेहून आणलं. पाहा ना भाऊ, किती मिनिमल आहे!"

"किती नग आहेत जी?"

"बावन्न."

बावन्न नगांचं मिनिमल! मी गप्प बसलो. मग पानं घेतली गेली आणि माझ्या ताटाशी आला तो बाजारात डझनानं मिळणारा स्टीलचा चमचा, दांड्यावर फूल कोरलेला. "अन् पॉन्ती?" मी विचारलं. सद्गृहस्थांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला हात पुसायला मागितलं. "अरे बाप्पा! ते वापराचे थोडेच आहेत!"

वापरायचा नाही असा चमचा. खायचा नाही असा भात, बसायची नाही अशी खुर्ची, राहायचं नाही असं घर. या मालिकेला अंत नाही आणि हिलाच सध्या 'डिझाइनची जाण' असं भारदस्त नाव आहे.

आता तुम्हाला वाटेल, मी त्या बिचाऱ्या इटालियनावर घसरणार. मुळीच नाही. पॉन्ती हा फार हुशार माणूस होता आणि या साऱ्या प्रकारात सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावरच झालेला आहे. 1891 साली मिलानमध्ये जन्म, 1979 साली तिथंच मृत्यू. मधल्या काळात त्यानं इमारती बांधल्या, चिनी मातीच्या वस्तू केल्या, खुर्च्या केल्या, 1928 साली 'दोमुस' नावाचं मासिक काढलं. मिलानमधली पिरेल्ली कंपनीची उंच, निमुळत्या कडांची इमारत त्याची आणि त्याच्या सहकाऱ्यांची. आणि एवढी उंच इमारत करणारा माणूस काट्याच्या दात्यांचाही विचार करत बसत असे.

तो विचार ऐकण्यासारखा आहे. 1951 साली क्रुप कंपनीसाठी त्यानं काटे-चमचे केले, त्यातल्या काट्याचे दाते चक्क आखूड ठेवले. का? तर घास उचलायला दात्यांची टोकंच काय ती लागतात. मागची लांबी शेकडो वर्षं फुकट मिरवत होती. सुरीचंही तेच, कापतं ते टोकाजवळचं चार बोटं पातं, बाकीचं हातभर पातं लढाईची आठवण म्हणून शिल्लक राहिलेलं. त्यानं ते छाटलं. हा सरळ विचार आहे. आपल्या आजीनं पळीचा दांडा गंजाच्या खोलीला पुरेल एवढाच मागून घ्यावा, इतका सरळ.

खुर्चीचंही तसंच. इटलीत समुद्रकाठी कियावारी नावाचं गाव आहे. तिथले सुतार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून हलक्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या करत आलेले. पॉन्तीनं ती खुर्ची पाहिली, आणखी हलकी केली, पुन्हा हलकी केली आणि 1957 साली 'सुपरलेज्जेरा' आली. वजन पावणेदोन किलोच्या आत. जाहिरातीच्या फोटोत एक पोरगा ती एका बोटावर उचलतो. आणि ही बाई कुठली, असं कुणी विचारलं तर पॉन्ती कियावारीचं माहेर लपवत नसे. शिकलो तर सुतारांकडून शिकलो, यात त्याला लाज वाटली नाही. आमच्याकडं आर्किटेक्ट बुरडाकडून काही शिकला तर ते आधी जर्मनीतून शिकल्यासारखं सांगतो.

याच माणसानं 1952 साली 'दोमुस'मध्ये लिहून ठेवलं होतं की त्याला विशेषणं नसलेली खुर्ची हवी आहे. आधुनिक नको, शैलीदार नको, कलात्मक नको. नुसती खुर्ची, खुर्चीपणानं भरलेली खुर्ची. आणि आमचे सद्गृहस्थ? त्यांच्या कपाटातल्या काट्याला विशेषणांखेरीज दुसरं काही उरलेलंच नाही. इटालियन, मध्यशतकी, स्टर्लिंग, दुर्मीळ, मूळ डब्यासहित. एवढ्या विशेषणांच्या गर्दीत नाम गुदमरून मेलं, कारण काट्यानं खाल्लंच नाही तर तो काटा कशाचा? पॉन्तीनं दात्यांची फुकट लांबी छाटली. भक्तांनी तीच लांबी कौतुकाच्या रूपानं परत जोडून दिली.

बरं, त्या भक्तीत तरी अभ्यास असावा! 'द डायमंड' हा तो साज. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉन्टन नावाच्या गावी रीड अँड बार्टन ही चांदीवाल्यांची कंपनी होती, 1824 पासूनची. तिच्यासाठी पॉन्तीनं 1958 साली हा साज योजला. मुठीला हिऱ्यासारखे पैलू, रेषा लांब, नक्षी शून्य. देखणा आहे, यात वाद नाही. पण मिलानमध्ये कागदावर काढलेली रेषा टॉन्टनच्या कारखान्यात हजारांनी निघेल अशी करायची, तर तिथं कुणीतरी बसावं लागतं. तो माणूस होता रॉबर्ट रॅम्प, कंपनीचा पगारी डिझायनर. पैलू कुठं वळतो, जाडी कुठं उतरते, हातात तोल कुठं सापडतो, हे कागदावरून धातूत आणण्यात त्याचा हात. संग्रहालयांच्या नोंदीत त्याचं नाव असतं. सद्गृहस्थांच्या तोंडी? "रॅम्प? तो उतार असतो तो?"

रॅम्पच्या खाली आणखी माणसं. साचा कोरणारे, ठोकणारे, चाकावर झिलई करणारे. त्यांची नावं कंपनीच्या हजेरीपटावर असतील, चमच्यावर नाहीत. 2015 साली ती कंपनीही दिवाळखोरीत गेली आणि विकली गेली. हजेरीपट बंद, सही चालू.

आणि द्रव्याच्या प्रामाणिकपणाची ती प्रवचनं! 'मटेरियलशी इमान' हा शब्दप्रयोग सद्गृहस्थांनी जेवणात तीनदा काढला, दोनदा वरण वाढतानाच. म्हणून मी एक सुरी हातात घ्यायला मागितली. (हातमोजे दिले गेले. जेवणाच्या सुरीसाठी हातमोजे! हात धुऊन जेवायला बसणारी जात आपली, आता हात झाकून सुरी बघणार.) स्टर्लिंग म्हणजे 92.5 टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. कारण शुद्ध चांदी मऊ, तिचा काटा भेंडीतही वाकेल. ते ठीक. पण अशा साजांतल्या सुरीची गंमत अशी की चांदी असते ती मुठीला, तीही आतून पोकळ, आणि पातं असतं स्टेनलेस स्टीलचं. कारण चांदी कापत नाही. म्हणजे मानमरातब मुठीचा, मेहनत पोलादाची. वर 'इमान'! हा न्याय तुम्हाला ओळखीचा वाटत असेल तर तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यात काही दिवस काढलेले दिसता.

पोलादाचा विषय निघालाच आहे तर ऐका. 1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याला उत्तम खनिज, वरोऱ्याला कोळसा. पोलाद चांद्यालाच करू असा बेत ठरत होता. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही, बेत बारगळला, पुढं टाटांचं पोलाद झारखंडात साकचीला उभं राहिलं आणि आमच्या वाट्याला एक 'जवळजवळ' आलं. आज एटापल्लीच्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघतात, त्यांची धूळ रस्त्याकाठच्या पिकांवर बसते, आणि माझ्या ताटाशी येणारा फुलाचा चमचा बाहेरगावचाच असतो. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की श्वार्ट्झसाहेबांचं नाव मी तुम्हाला सांगू शकलो. साहेब यायच्या कितीतरी पिढ्या आधी याच रानात लोणारी कोळशावर, मातीच्या बुटक्या भट्ट्यांत लोखंड गाळणारी माणसं होती. त्यांच्यातलं एक नाव सांगा. एक! सांगा ना!

आता मराठी माणूस चमच्याच्या बाबतीत मागं होता, असा गैरसमज नको. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या सुमारास माणिकबाग राजवाडा बांधायला घेतला तो एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून. सामान सगळं युरोपातून, सगळं त्या काळातलं अत्याधुनिक. जेवणाची चांदी पॅरिसच्या झाँ प्युइफोर्काची, जो रेषा आणि वर्तुळ यांच्यापलीकडं चांदीला फार काही करू देत नसे. पॉन्तीच्या 'डायमंड'आधी सुमारे 25 वर्षं! अभिमान वाटला? थांबा. महाराज 1961 साली गेले. 1980 साली माणिकबागेतलं निवडक सामान माँटे कार्लोत लिलावाला निघालं आणि जगभरच्या संग्रहांत पांगलं. आणि राजवाड्यात? केंद्रीय कर खात्याचं कार्यालय. आधुनिकतेचं आमच्याकडं असंच होतं. सामान परदेशी जातं, उरल्या खोलीत फायली येतात.

पण होळकरांना एक मानावं लागेल. ते त्या चांदीनं जेवत असावेत. राजे होते; त्यांना आपण राजे आहोत हे चमच्याकडून सिद्ध करून घ्यायचं नव्हतं.

सिद्ध करण्यावरून आठवलं. ज्या 1958 साली टॉन्टनला 'डायमंड' निघाला, त्याच वर्षी भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं आपला 'इंडिया रिपोर्ट' सादर केला. देशभर हिंडून त्यांना सर्वांत सुंदर वाटलेली वस्तू कोणती? लोटा. आपला, तुमचा-आमचा, विहिरीवरचा लोटा. किती पाणी मावेल, रिकामा असताना नि भरलेला असताना तोल कुठं राहील, कमरेवर कसा बसेल, डोक्यावर कसा, ओतताना धार कशी पडेल, असं सगळं त्यांनी विचारात घेतलं आणि असा निष्कर्ष काढला की हा लोटा कुण्या एकानं डिझाइन केलेला नाही, पिढ्यांनी केला. या अहवालातूनच पुढं 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

चांगलं झालं की वाईट? चांगलंच. पण त्या प्रसंगातला विनोद कुणाच्या लक्षात येत नाही. हजारो वर्षं लोटा होता. तो सुंदर आहे हे सांगायला कॅलिफोर्नियातून माणसं आणावी लागली. ती गेल्यावर आम्ही लोट्याबद्दलचा परिच्छेद तोंडपाठ केला आणि लोटा भंगारात घालून प्लॅस्टिकचा मग घेतला. आणि 'पिढ्यांनी केला' हे वाक्य तर आम्हाला फारच सोयीचं पडलं. ईम्सनी ते आदरानं म्हटलं होतं. आम्ही त्याचा अर्थ घेतला: पिढ्यांना पैसे द्यावे लागत नाहीत.

इथून मी माझ्या मूळ भांडणाकडं येतो.

एका टोकाला हा चमचा, ज्यात नावच नाव आहे, इतकं की तोंडात घालायला जागा उरलेली नाही. दुसऱ्या टोकाला चंद्रपूर-गडचिरोलीची टोपली, सूप, तट्टा, पत्रावळ, तुंबा. त्यांना नावच नाही. 'आदिवासी हस्तकला.' बस. पोंभुर्ण्याचं असो की भामरागडचं, बुरडानं केलेलं असो की माडिया बाईनं, एकाच चिठ्ठीत सगळे. आदिवासी नसलेला बुरुड बिचारा प्रदर्शनाच्या मांडवात शिरला की आपोआप आदिवासी होतो. पॉन्तीला जे हवं होतं ते विशेषण नसलेलं नाम. यांना मिळालं ते नाम नसलेलं विशेषण.

आणि असं समजू नका की ही टोपली कुणा भोळ्याभाबड्या जंगलात आपोआप उगवते. तिच्यामागं कायद्याचं केवढं जंगल आहे! बांबू हे वनस्पतिशास्त्रात गवत. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यानं व्याख्येतच त्याला झाड करून टाकलं. झाड म्हटलं की तोडायला परवानगी, न्यायला परवाना, आणि परवाना म्हटलं की खुर्चीवर बसलेला माणूस. बुरडाला बांबूच्या चार कामट्यांसाठी डेपोच्या फेऱ्या, आणि त्याच रानातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडं वर्षानुवर्षं गाड्या भरभरून, सवलतीच्या दरानं. कामट्यांचं गवत असतं तेव्हा झाड, आणि लगद्याचं झाड असतं तेव्हा गवत. अशा मेंदूला खरं तर डिझाइनचं पारितोषिक द्यायला पाहिजे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्यानंतरही आपलाच बांबू आपणच विकायला वाहतूक परवाना हवा होता. तो देणार कोण, यावर दोन वर्षं ओढाताण. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण असे दोघे त्या लहानशा गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाला आपल्या रानातलं गवत विकता यावं म्हणून एक केंद्रीय मंत्री नि एक मुख्यमंत्री! पॉन्तीला तरी चमचा विकायला इटलीचा पंतप्रधान सोबत न्यावा लागला नसेल. 2017 साली कायद्याच्या व्याख्येतून बांबू निघाला, तोही वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूच्या सोयीसाठी. नव्वद वर्षांनी गवताला गवत म्हणण्याएवढं धैर्य राज्यसंस्थेला आलं. टाळ्या!

आणि आता नवं नाटक. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमचे-काट्यांवर बंदी आली. कागदावर आली म्हणा. पानठेल्यामागं बघू नका. त्याबरोबर बांबूचा चमचा एकाएकी 'सस्टेनेबल' झाला. तो आता मोठ्या शहरांत तपकिरी कागदी पाकिटात मिळतो. पाकिटावर सुतळी. सुतळीला पान. पानावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा चमचा आदिवासी हातांनी घडवलेला आहे. हातांनी! माणसांनी नव्हे, नुसत्या हातांनी. कोपरापासून वर कुणी जोडलेलं आहे की नाही याची चौकशी करण्याचं गिऱ्हाइकाला कारण नाही.

माझ्या सद्गृहस्थांना हे सगळं बोललो तर ते म्हणतील (म्हणालेच), "म्हणजे काय, आम्ही पत्रावळीवर जेवायचं का?" नाही हो. मी पत्रावळभक्तही नाही. तो संप्रदाय तर याच्याहून भारी. ताडोब्याच्या वाटेवरचे ते रिसॉर्ट पाहा. रात्रीचे हजारो रुपये मोजून आलेल्या पाहुण्यांना पळसाच्या द्रोणात मोहाचं काहीतरी देतात, वेटरच्या डोक्याला मोरपीस खोवतात आणि त्याला 'अस्सल' म्हणतात. त्या वेटरला विचारा, "काऊन रे, तुह्या घरी कशात जेवतोस?" तो सांगेल, स्टीलच्या ताटात. अर्थातच. स्टीलचं ताट टिकतं, घासायला सोपं, गळत नाही. त्याच्या आईनं पत्रावळ सोडून स्टील घेतलं ते पूर्ण विचारांती, पॉन्तीनं दाते आखूड केले तितक्याच विचारांती. तिच्या निवडीला मात्र आपण 'परंपरेचा ऱ्हास' म्हणतो आणि त्यावर परिसंवाद भरवतो. परिसंवादात जेवण? प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदी ताटांत. वरून पानाचं चित्र छापलेलं.

म्हणजे चमच्याचा भक्त वस्तू कपाटात पुरतो आणि पत्रावळीचा भक्त माणसाला वस्तुसंग्रहालयात पुरतो. दोघांनाही वापरणारा जिवंत माणूस नको असतो, कारण वापरणारा माणूस प्रश्न विचारतो. याचं काय होतं? किती टिकतं? कुणी केलं? कितीला?

हा शेवटचा प्रश्न सद्गृहस्थांना येतो. फार चांगला येतो. त्यांच्याबरोबर मी एकदा बाजारात गेलो होतो. रस्त्याकडेला एक बाई सुपं, टोपल्या, परड्या मांडून बसलेली. सद्गृहस्थांनी एक परडी उचलली. घट्ट, बारीक वीण; काठ असा वळवलेला की कामटीचं टोक शोधून सापडू नये.

"कितीला गं?"

"दीडशे जी."

"शंभरात दे."

"नाही परवडत साहेब. हे बारीक काम हाय. माही सासू करते हे. माह्या हातची घ्या, ती देतो शंभरात." तिनं दुसरी परडी पुढं केली.

दोन्ही परड्या मी पाहिल्या. फरक कळायला मला वेळ लागला. तिला लागला नव्हता. ती पुढं सांगतच होती, की ही परडी सासूच्या हातची, ते तिकडचं सूप दिराच्या हातचं, त्याची आडवी वीण जाडी असते म्हणून लगेच ओळखू येते, आणि पलीकडच्या आळीतला म्हातारा काठ बांधतो तसा काठ आता कुणाला जमत नाही. सगळं सही केलेलं! एकेका नगावर सही होती. विणीत, काठात, कामटीच्या जाडीत. टॉन्टनच्या चमच्यामागं भिंग घेऊन शिक्का शोधणारे आमचे रसिक इथं ठार निरक्षर उभे होते आणि ती अंगठेबहाद्दर ठरवलेली बाई भराभरा वाचून दाखवत होती.

सद्गृहस्थांनी काय केलं? सासूची परडी उचलली आणि म्हणाले, "हीच शंभरात दे."

त्या दिवशी मला उलगडा झाला की हे अज्ञान नव्हे. अज्ञान असतं तर ते सुनेच्या परडीवर समाधानी झाले असते. त्यांना फरक बरोबर कळला होता. उत्तम काय ते त्यांनी अचूक उचललं; फक्त उत्तमाची किंमत द्यायची वेळ आली तेव्हा ते एकदम 'हस्तकला' झालं. हात कुणाचाही चालतो, मग दीडशे कशाला? पॉन्तीच्या काट्याचा भाव करताना कुणी म्हणतं का, "रॅम्पच्या भावात दे"?

म्हणून मला हल्ली ती 'अनाम कारागीर' नावाची हळवी भाषा सहन होत नाही. दिवाळी अंकांतून, सरकारी पुस्तिकांतून, प्रदर्शनाच्या उद्घाटनांतून कुणीतरी गहिवरून बोलत असतं, की आमच्या या थोर परंपरेचे निर्माते अनाम राहिले, त्यांनी नावाचा हव्यास धरला नाही. हव्यास धरला नाही! तुम्ही विचारलंत का? बुरुड आळीत जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत वंशावळीसकट नावं मिळाली असती, कोण बरा, कोण सुमार, कोण दारूपायी हात घालवून बसला, या शेऱ्यांसकट. तिथं समीक्षा जोरात चालते. फक्त तिचा अहवाल कॅलिफोर्नियात छापला जात नाही.

सद्गृहस्थांना माझं एकच सांगणं आहे, आणि ते रसायनशास्त्रालाही धरून आहे. चांदी काळी पडू नये यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती रोज वापरणं आणि रोज धुणं. कपाटातली चांदी काळवंडते, हातातली लखलखीत राहते. तेव्हा ते बावन्न नग बाहेर काढा, रस्सा वाढा, काळं पडलं तर कोलगेटच्या पावडरीनं घासा. पॉन्तीचा आत्मा शांत होईल. घासणारी बाई मात्र होणार नाही. तिला पगार वाढवून द्या आणि पाहुण्यांना 1958 सांगताना तिचंही नाव सांगा. चमचा आज जो चमकतोय तो तिच्या हातानं.

आणि बाजारात परत जाल तेव्हा त्या सासूचं नाव विचारा. विचारायला शब्द दोनच लागतात. पण सावध असा. नाव कळलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की त्याचा दिवस मोजावा लागतो, आणि दिवस मोजला की शंभराचे दीडशे द्यावे लागतात. एवढ्या साध्या हिशेबापायी दोन जिल्हे भरून कारागीर आम्ही अनाम ठेवले आहेत, आणि त्याला परंपरा म्हणतो.